डीआयएलआरमध्ये कोणता सेट सोडायचा?

कॅटला, म्हणजे आयआयएमसारख्या संस्थांतल्या एमबीएच्या प्रवेश परीक्षेला, तीन विभाग असतात आणि प्रत्येकाला ४० मिनिटं. मधला विभाग डीआयएलआरचा, म्हणजे आकडेवारी वाचून तर्क लावायचा. त्यात एकाच माहितीवर चार-पाच प्रश्न असतात, त्या गटाला सेट म्हणतात. या महिन्यात सांगली जिल्ह्यातून आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रं याच विभागाबद्दल आहेत. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत. उदाहरणांतले आकडे समजावण्यापुरते आहेत, बाजारभाव म्हणून वाचू नयेत.

मी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. मॉकमध्ये, म्हणजे सराव परीक्षेत, पहिल्या सेटपासून क्रमाने सुरू करते. पहिल्यातच वीस मिनिटं जातात, तोही अर्धवट राहतो आणि पुढचे सोपे सेट बघायचेच राहून जातात. काय करू? आणि येत नसेल तिथे अंदाजाने उत्तर मारावं का?
– एक विद्यार्थिनी, मिरज

क्रमाने जायचं बंद करा, अर्धी अडचण तिथंच संपेल. २०२४ च्या पेपरात या विभागात २२ प्रश्न होते आणि ते पाच सेटमध्ये विभागलेले होते. तीन सेट चार प्रश्नांचे, दोन पाचांचे. ४० मिनिटं भागिले पाच म्हणजे सेटला आठ मिनिटं हा हिशेब कागदावर ठीक आहे, पण बरा सेट दहा-बारा मिनिटं खातोच. म्हणजे हाती लागणार तीन, फार तर साडेतीन. उरलेले सोडायचेच आहेत. मग कोणते सोडायचे ते तुम्ही ठरवा, घड्याळाला ठरवू देऊ नका. २२ पैकी १०-१२ उत्तरं बरोबर आली तरी या विभागात चांगलं पर्सेंटाइल मिळतं, म्हणजे बहुतेक परीक्षार्थी तुमच्या मागे असतात.

पहिली पाच मिनिटं फक्त पाहणीसाठी ठेवा. रफ कागदावर एक ते पाच आकडे एकाखाली एक लिहा आणि प्रत्येक सेट पाऊण ते एक मिनिट वाचून त्याच्यापुढे बरोबर, प्रश्नचिन्ह किंवा फुली मारा. स्क्रीनवर डावीकडे माहिती आणि उजवीकडे एकच प्रश्न दिसतो, त्यामुळे सेटमधले बाकीचे प्रश्न बघायला त्यांच्या क्रमांकावर क्लिक करावं लागतं. बरेच जण ते टाळतात आणि नुसत्या माहितीवरून सेट निवडतात. प्रश्न न वाचता निवडलेला सेट अर्ध्यात अडकवतो.

पाहणीत काय बघायचं? सगळ्यात आधी, या माहितीचा तक्ता कसा होईल हे डोळ्यांपुढे येतंय का? आडव्या ओळीत काय, उभ्या रकान्यात काय, एकूण चौकटी किती? एवढं मिनिटभरात सुचलं नाही तर फुली. त्यानंतर अटींची भाषा. ‘नेमके ३’, ‘एकूण ४०’, ‘सर्वांचे वेगवेगळे’ अशा अटी तक्ता पटापट भरतात. ‘किमान’, ‘जास्तीत जास्त’, ‘दोघांपैकी एक’ अशा अटी फाटे फोडत जातात. आणि शेवटी प्रश्नांची सुरुवात. चारपैकी तीन प्रश्न ‘जर’ने सुरू होत असतील तर मूळ तक्ता पूर्ण भरणारच नाही आणि प्रत्येक प्रश्नाला थोडं नव्याने मांडावं लागेल. ‘खालीलपैकी कोणतं विधान खात्रीने चूक आहे’ असे प्रश्न चारही पर्याय तपासायला लावतात, तेही धरून चाला.

लांबलचक माहिती बघून मात्र घाबरू नका. आठ अटींचा पानभर सेट चार ओळींच्या सेटपेक्षा बहुधा सोपा निघतो, कारण प्रत्येक अट काही शक्यता मारून टाकते. चार ओळींच्या सेटमध्ये ते काम तुम्हाला करावं लागतं.

सेट घेतल्यावर सहाव्या मिनिटाला घड्याळ बघा. तक्ता निम्मा भरलाय का, किंवा गाडी दोन शक्यतांवर आलीय का? नसेल तर उठा. कागदावरची मांडणी खोडू नका, वेळ उरला तर उपयोगी पडेल. ‘आता एवढा वेळ घातलाच आहे तर’ या एका विचाराने जेवढे पेपर बिघडतात तेवढे अवघड सेटने बिघडत नाहीत.

अंदाजाने उत्तर मारायचं का, हेही तुम्ही विचारलंय. बरोबर उत्तराला ३ गुण, चार पर्यायांच्या प्रश्नाचं उत्तर चुकलं तर १ गुण वजा. चारही पर्याय तसेच उभे असताना डोळे झाकून मारलं तर सरासरी हाती शून्य लागतं. दोन पर्याय कापता आले तर सरासरी एक गुण पदरात पडतो, तेव्हा मारा. आकडा टाइप करायच्या प्रश्नाला वजा गुण नाहीत, तो रिकामा ठेवायचं कारणच नाही.

तक्त्यात फक्त बेरजा दिलेल्या असतात आणि आतले आकडे शोधायचे असतात, असा सेट आला की सुरुवात कुठून करायची तेच कळत नाही. मी कुठूनही आकडे घालून बघतो.
– एक वाचक, विटा

कुठूनही आकडे घालणं म्हणजे बारा चौकटींत चाचपडणं. एक सेट पूर्ण सोडवूनच दाखवतो.

अ, ब, क आणि ड या चार व्यापाऱ्यांनी मार्केट यार्डातून हळद, बेदाणा आणि गूळ उचलला. प्रत्येकाने प्रत्येक मालाचा किमान एक ट्रक घेतला. हळदीचे एकूण १२, बेदाण्याचे १० आणि गुळाचे ८ ट्रक. अ ने एकूण १०, ब ने ८, क ने ७ आणि ड ने ५ ट्रक घेतले. चौघांचे हळदीचे आकडे वेगवेगळे, बेदाण्याचेही वेगवेगळे. ब आणि क यांनी गुळाचा एकेकच ट्रक घेतला. अ आणि ड यांचा गूळ सारखा.

आधी चार ओळी, तीन रकाने आखा आणि बेरजा कडेला लिहा. दोन्हीकडून ३० येतात, मांडणी बरोबर आहे.

आता ज्या बेरजेला पर्याय सगळ्यात कमी तिथून शिरा. चार वेगवेगळ्या पूर्ण संख्यांची बेरीज १० फक्त एकाच प्रकारे होते: १, २, ३, ४. म्हणजे बेदाण्याच्या रकान्यात हेच चार आकडे, जागा तेवढ्या ठरायच्या. हळदीची बेरीज १२, तिथे दोनच संच बसतात: १, २, ३, ६ किंवा १, २, ४, ५. ही गोष्ट ‘वेगवेगळे’ या एका शब्दातून मिळाली. सेटमध्ये तो शब्द दिसला की त्याच्याखाली रेघ मारायचीच.

गुळाकडे या. ब आणि क मिळून २ गेले, उरले ६, अ आणि ड सारखे, म्हणून दोघांचे ३-३. ड ची एकूण बेरीज ५, त्यातले ३ गुळाचे, तर हळद १ आणि बेदाणा १. एक ओळ बंद.

आता हळद अधिक बेदाणा बघा. अ चे ७, ब चे ७, क चे ६. बेदाण्याचे २, ३, ४ शिल्लक आहेत. हळदीचे ६ कुणाकडे असू शकतील का? सातातून सहा गेले तर बेदाणा १ लागेल, आणि तो ड कडे गेलाय. क कडेही जमत नाही, तिथे बेदाणा शून्य येतो. म्हणून पहिला संच बाद, हळदीचे उरले २, ४, ५. क ची बेरीज ६, तर हळद ४ आणि बेदाणा २, किंवा हळद २ आणि बेदाणा ४. पहिलं धरलं तर अ किंवा ब पैकी एकाला हळद २ येते आणि त्याला बेदाणा ५ लागतो, तो नाहीच. म्हणून क कडे हळद २, बेदाणा ४.

राहिले अ आणि ब. एकाकडे हळद ५ आणि बेदाणा २, दुसऱ्याकडे हळद ४ आणि बेदाणा ३. कोण कुठला, हे दिलेल्या माहितीवरून ठरत नाही. इथे मुलं घाबरतात, काहीतरी निसटलं म्हणून सगळं पुन्हा वाचायला घेतात आणि चार मिनिटं घालवतात. निसटलेलं काही नाही, सेट असाच रचलेला आहे. त्या चार चौकटींत दोन्ही आकडे तिरकी रेघ मारून लिहा, ४/५ असे, आणि सरळ प्रश्नांकडे जा. ‘क ने बेदाण्याचे किती ट्रक घेतले’ याचं उत्तर ४, खात्रीने. ‘अ ची हळद किती’ याचं उत्तर ‘निश्चित सांगता येत नाही’. आणि ‘जर अ ने ब पेक्षा हळद जास्त घेतली असेल तर’ अशी सुरुवात असलेला प्रश्न ती शेवटची गाठ स्वतःच सोडवतो.

आकडेमोडीत फार वेळ जातो. स्क्रीनवर कॅल्क्युलेटर असतो, तोच वापरला तर चालेल ना?
– एक वाचक, तासगाव

चालेल, पण जपून. माउसने एकेक आकडा दाबायचा असतो, त्यात चार-पाच अंकी भागाकार केला की वीस-पंचवीस सेकंद सहज जातात आणि एखादं बटण चुकीचं लागलं तर कळतही नाही. अचूक आकडा टाइप करायचा असेल तेव्हा तो काढा. तुलना करायची असेल तेव्हा डोकंच लवकर चालतं.

समजा एका बाजारात बेदाण्याची आवक ३४८ टनांवरून ४१२ वर गेली आणि दुसऱ्यात २७५ वरून ३३० वर. वाढीचा दर कुठे जास्त? दुसऱ्यात ५५ टन वाढले, म्हणजे २७५ चे बरोबर २० टक्के. आता ३४८ चे २० टक्के ६९ च्या पुढे जातात आणि वाढ तर ६४ च आहे. दुसरा जास्त. भागाकार करावाच लागला नाही. टनांत बघितलं तर पहिल्याची वाढ मोठी दिसते, आणि पर्यायांमध्ये तो मुद्दाम ठेवलेला असतो.

अपूर्णांकांची तुलना अशीच. ३७/९१ मोठा की ४३/१०७? वरचा ३७ चा ४३ झाला, सहाने वाढला, म्हणजे एक षष्ठांशाहून थोडा कमी. खालचा ९१ चा १०७ झाला, सोळाने, म्हणजे एक षष्ठांशाहून जास्त. खालचा जोरात वाढला तर अपूर्णांक लहान होतो. म्हणून ३७/९१ मोठा. १/६ पासून १/१५ पर्यंतच्या अपूर्णांकांचे टक्के तोंडपाठ हवेत: १/७ म्हणजे १४.२८, १/९ म्हणजे ११.११, १/११ म्हणजे ९.०९, १/१३ म्हणजे ७.६९. पाढ्यांसारखे पाठ करा, यात समजून घेण्यासारखं काही नाही.

गुण जातात ते मात्र बहुतेक वेळा आकडेमोडीत नाही, पाया चुकल्यामुळे. एका यार्डात ६० टन माल, त्यातला ३० टक्के अव्वल प्रतीचा. दुसऱ्यात २४० टन, त्यातला ४० टक्के अव्वल. दोन्ही मिळून किती टक्के? ३५ म्हणालात तर चुकलात. १८ आणि ९६ मिळून ११४ टन, ३०० पैकी, म्हणजे ३८ टक्के. टक्क्यांची सरासरी काढायच्या आधी वजनं सारखी आहेत का बघा. तसंच, २० टक्क्यांवरून २५ टक्क्यांवर जाणं म्हणजे ५ टक्के-बिंदूंची वाढ, पण दराने बघितलं तर २५ टक्के. प्रश्नात कोणती विचारलीय ते बोट ठेवून वाचा. स्तंभालेख असेल तर उभा अक्ष शून्यापासून सुरू होतोय का, आणि तक्त्याखाली बारीक अक्षरात ‘आकडे हजारांत’ असं काही लिहिलंय का, हे दोन्ही सेट उघडल्या उघडल्या बघायचं.

व्हेन आकृतीत ‘तिन्ही करणारे कमीत कमी किती’ असा प्रश्न आला की सूत्र आठवत नाही.
– एक विद्यार्थी, कडेगाव

सूत्र नकोच. १०० घरांपैकी ७० घरांत गाय, ७५ घरांत कोंबड्या आणि ८० घरांत शेळ्या आहेत. उलटं मोजा: गाय नसलेली घरं ३०, कोंबड्या नसलेली २५, शेळ्या नसलेली २०. ही सगळी घरं वेगवेगळी धरली तरी ७५ घरांत काही ना काही कमी आहे. उरलेल्या २५ घरांत तिन्ही असायलाच हवेत. कमीत कमी २५. जास्तीत जास्त विचारलं तर सगळ्यात लहान आकडा, म्हणजे ७०. पण आणखी एखादी अट असेल, उदाहरणार्थ प्रत्येक घरात किमान एक प्राणी हवाच, तर आकृती काढून हा कमाल आकडा तपासा. इथे ७० घरांत तिन्ही धरले की उरलेल्या ३० घरांत ५ ठिकाणी कोंबड्या आणि १० ठिकाणी शेळ्या पुरवता येतात, म्हणजे निदान १५ घरं रिकामी राहतात आणि ती अट मोडते.

मुलगी राज्याची एमबीए सीईटी देणार आहे. कॅटच्या डीआयएलआरची तयारी तिला चालेल का?
– एक पालक, विश्रामबाग, सांगली

पाया म्हणून चालेल, वेगासाठी नाही. सीईटीला १५० मिनिटांत २०० प्रश्न असतात, म्हणजे प्रश्नाला ४५ सेकंद. त्यात तार्किक प्रश्न ७५ आणि आकृत्यांचे २५, बाकी गणित आणि इंग्रजी प्रत्येकी ५०. कॅटसारखा दहा मिनिटं खाणारा सेट इथे क्वचितच येतो. बैठकव्यवस्था, नातेसंबंध, दिशा, अनुमान असे छोटे प्रकार जास्त. चुकीच्या उत्तराला वजा गुण नाहीत, त्यामुळे शेवटची तीन मिनिटं राखून ठेवून उरलेल्या प्रत्येक प्रश्नाला काहीतरी खूण करायचीच. कॅटचा अभ्यास केलेली मुलं इथे एकाच बैठकव्यवस्थेला चिकटून बसतात, ती सवय मोडावी लागेल. आठवड्यात एक पूर्ण १५० मिनिटांचा सराव पेपर द्यायला लावा. बाकी दिवशी ३० मिनिटांत ४० प्रश्न.

जीमॅट या एमबीए प्रवेशाच्या परीक्षेत ‘ही माहिती पुरेशी आहे का’ असे प्रश्न असतात. उत्तर काढून बघितलं तरी पर्याय चुकतो.
– एक अभियंता, वाळवा

उत्तर काढताय म्हणूनच चुकतंय. तिथे उत्तर किती ते विचारलेलंच नाही, ते एकच निघतं का एवढंच विचारलंय. सध्याच्या जीमॅटमध्ये हे प्रश्न डेटा इनसाइट्स या विभागात येतात: ४५ मिनिटं, २० प्रश्न. या विभागात स्क्रीनवर कॅल्क्युलेटर मिळतो.

नेहमीचा सापळा बघा. चहा ८ रुपये आणि भडंगाची पुडी १५ रुपये. एका गटाने किती पुड्या घेतल्या? पहिलं विधान: एकूण १०१ रुपये झाले. दुसरं विधान: चहा आणि पुड्या मिळून १० नग घेतले. दोन अज्ञात, दोन समीकरणं, म्हणून ‘दोन्ही मिळून पुरेशी’ असं बहुतेक जण टिचकवतात. पण चहा अर्धा आणि पुडी पाऊण अशी विकत नाहीत. १०१ मधून पंधराच्या पटी वजा करत जा: १०१, ८६, ७१, ५६, ४१, २६, ११. आठाने भाग जाणारा एकच आहे, ५६. म्हणजे पुड्या ३, चहा ७, दुसरा मार्गच नाही. पहिलं विधान एकटंच पुरेसं. दुसरं एकटं पुरेसं नाही.

म्हणून प्रत्येक विधान आधी एकटं तपासा, दुसरं हाताने झाकून. मोजायची गोष्ट पूर्ण संख्येतच असू शकते का, हे समीकरण मांडायच्या आधी विचारा. ‘हो की नाही’ स्वरूपाच्या प्रश्नात पक्कं ‘नाही’ मिळालं तरी ती माहिती पुरेशीच असते. ‘नाही’ आलं म्हणून अपुरी, ही चूक हुशार मुलंही करतात.

कुपवाड एमआयडीसीत नोकरी करून अभ्यास करतो. रोज दीड तासच मिळतो. रोज किती सेट सोडवू?
– एक वाचक, पलूस

दोन. त्याहून जास्त नको. २०१७ पासूनचे कॅटचे पेपर मिळतात आणि त्यातच शंभराहून जास्त सेट आहेत. ते संपेपर्यंत दुसरं काही विकत घ्यायची गरज नाही. २०१७ ते २०१९ च्या पेपरांत आठ-आठ सेट आणि ३२ प्रश्न असायचे, वेळही ६० मिनिटं होती, त्यामुळे ते पेपर अख्खे घड्याळ लावून देण्यात अर्थ नाही. त्यातले सेट सुटे करून वापरा. पूर्ण विभागाचा सराव २०२० नंतरच्या पेपरांवर करा.

पहिला सेट १२ मिनिटांत. वेळ संपली की पेनाचा रंग बदला आणि घड्याळाशिवाय तोच पुढे सोडवा, उत्तरं न बघता. दुसऱ्या रंगात जेवढं लिहिलं तेवढं तुम्हाला येतं, पण वेळेत येत नाही. आणि दुसऱ्या रंगातही जे जमलं नाही तेवढंच उत्तरपत्रिकेत वाचायचं. मग दुसरा सेट. वहीत प्रत्येक सेटमागे तीनच नोंदी ठेवा: कोणत्या अटीपासून शिरायला हवं होतं, मी कुठून शिरलो, आणि हा सेट पाहणीत मी घेतला असता का. तिसरी नोंद बहुतेक जण ठेवत नाहीत.

रविवारी पाच सेट समोर ठेवून फक्त पाहणी करा. पाच मिनिटांत क्रम लावा, सोडवू नका. नंतर सावकाश सगळे सोडवून बघा आणि तुमचा क्रम बरोबर होता का ते ताडा. चार-पाच रविवार हे केलं की कोणत्या प्रकारच्या सेटला तुम्ही उगाच भुलता ते वहीतच दिसेल. काहींना खेळांच्या स्पर्धांचे सेट ओळखीचे वाटतात म्हणून ते धावत घेतात, आणि त्यातले बरोबरीत सुटलेले सामने, गुणांच्या पद्धती यांतच अडकतात.

परीक्षेच्या हॉलमध्ये रफ कागद मोजकाच असतो. प्रत्येक सेटला अर्धं पान धरा आणि कोपऱ्यात सेटचा क्रमांक लिहून त्याला गोल करा. तक्ता मोठा काढा, चौकटीत दोन आकडे मावतील एवढा. चुकलेला आकडा गिरवू नका, एक रेघ मारून शेजारी नवा लिहा, कारण मागे यावं लागलं तर कुठे वळण चुकलं ते त्या खोडलेल्या आकड्यावरूनच सापडतं.